होमी भाभा आणि पहारेकऱ्यावरचा पहारा

२४ जानेवारी १९६६ रोजी राजधानीत सत्तांतर होत होते. लालबहादूर शास्त्रींचे ताश्कंदमध्ये निधन होऊन दोन आठवडेही उलटले नव्हते आणि इंदिरा गांधी पंतप्रधानपदाची शपथ घेत होत्या. त्याच दिवशी मुंबईहून लंडनकडे निघालेले एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग विमान जिनिव्हाला उतरण्यापूर्वी आल्प्समधील माँ ब्लाँ या शिखरावर आदळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. त्यांत डॉ. होमी जहांगीर भाभा होते. भारताच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष आणि त्याच खात्याचे सचिव असलेले छप्पन्न वर्षांचे भाभा व्हिएन्नाला निघाले होते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या वैज्ञानिक सल्लागार समितीची तेथे बैठक होती.

त्यांच्या मृत्यूभोवती घातपाताच्या कथा पुढे अनेक रचल्या गेल्या. त्या कथांपेक्षा त्यांच्या प्रवासाचे ठिकाण अधिक बोलके आहे. अणुशक्तीच्या जागतिक कायद्याचा पाया ज्या संस्थेत घातला गेला, तिच्या जन्मापासून भाभा तिच्याशी निगडित होते. ती संस्था घडविण्यात त्यांचा वाटा होता, आणि तिने भारतात किती पाऊल टाकावे याची मर्यादा आखण्याच्या कामीही तेच अग्रभागी होते. या दुहेरी भूमिकेत त्यांचे मोठेपण आहे. त्यांनी मागे ठेवलेला एक अवघड प्रश्नही त्यातच आहे.

केंब्रिजहून ट्रॉम्बेकडे

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका संपन्न पारशी कुटुंबात झाला. वडील वकील, तर आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. टाटांच्या उद्योगविश्वाचा वारसा घरातच असल्याने मुलाने अभियंता होऊन पोलाद कारखान्यात यावे, अशी अपेक्षा होती. १९२७ साली ते केंब्रिजला गेले ते यांत्रिकी शिकण्यासाठी. ती परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्यावर त्यांनी गणित आणि सैद्धांतिक भौतिकशास्त्राची वाट धरली. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या विकिरणावरील त्यांचे संशोधन ‘भाभा विकिरण’ म्हणून ओळखले जाते. विश्वकिरणांच्या वर्षावासंबंधी हाइटलर यांच्यासमवेत त्यांनी १९३७ मध्ये मांडलेला सिद्धान्तही गाजला.

१९३९ मध्ये सुटीसाठी ते मायदेशी आले असता युरोपात युद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या सहवासात त्यांनी काम सुरू केले. १९४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी दोराबजी टाटा विश्वस्त निधीकडे मूलभूत संशोधनाच्या संस्थेचा प्रस्ताव पाठविला. हिरोशिमावर बाँब पडण्यास अद्याप सतरा महिने अवकाश होता. अणूपासून वीज निघू लागेल तेव्हा तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, हा विचार त्या प्रस्तावामागे होता. त्यातून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली.

स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरूंशी असलेल्या स्नेहाने त्यांना असा अधिकार मिळाला, की जो दुसऱ्या कोणा वैज्ञानिकाच्या वाट्याला क्वचितच आला असेल. १९४८ मध्ये अणुऊर्जा कायदा झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयोग स्थापन झाला. अध्यक्ष भाभा, आणि सदस्य शांतिस्वरूप भटनागर व के. एस. कृष्णन. ऑगस्ट १९५४ मध्ये अणुऊर्जेचे स्वतंत्र खाते निर्माण होऊन भाभा त्याचे सचिव झाले. खाते थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत होते. १ मार्च १९५८ च्या सरकारी ठरावाने आयोगाला व्यापक प्रशासकीय व आर्थिक अधिकार मिळाले आणि खात्याचा सचिव हाच आयोगाचा पदसिद्ध अध्यक्ष ठरला. केंद्र सरकारचे एक महत्त्वाचे खाते दिल्लीबाहेर, मुंबईत बसून चालते, हे सचिवालयाच्या रिवाजात न बसणारे होते. फायली मंत्रालयामंत्रालयांतून फिरत बसाव्यात हे भाभांना मान्य नव्हते. निर्णय जलद व्हावेत, वैज्ञानिकांनीच घ्यावेत, हा त्यांचा आग्रह होता. त्याचे फळही दिसले. ट्रॉम्बे येथील ‘अप्सरा’ ही आशियातील, सोव्हिएत प्रदेश वगळता, पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली.

मात्र गती आणि गुप्तता हातात हात घालून आल्या. १९४८ च्या विधेयकावर चर्चा होत असताना एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी एक नेमका आक्षेप घेतला होता. ब्रिटनच्या कायद्यात गुप्तता मुख्यतः संरक्षणविषयक कामापुरती आहे, मग भारतात ती शांततामय संशोधनालाही का लागू व्हावी, असे त्यांचे विचारणे होते. शांततामय वापर आणि संरक्षणविषयक वापर यांच्यात रेषा आखणे अवघड असल्याची कबुली नेहरूंनी दिली आणि विधेयक संमत झाले. १९६२ च्या नव्या कायद्यात गुप्ततेच्या तरतुदी कायम राहिल्या.

जिनिव्हा आणि न्यूयॉर्क

ऑगस्ट १९५५ मध्ये अणुशक्तीच्या शांततामय वापरासंबंधी संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद जिनिव्हात भरली. ७३ देशांचे प्रतिनिधी जमले आणि अध्यक्षस्थानी भाभा होते. शीतयुद्धामुळे एकमेकांशी न बोलणारे अमेरिकी व सोव्हिएत शास्त्रज्ञ तेथे समोरासमोर आले. वर्षानुवर्षे गुप्त राहिलेली माहिती खुली झाली. नवस्वतंत्र, गरीब देशाच्या प्रतिनिधीला हा मान मिळणे ही भारताच्या परराष्ट्रनीतीलाही बळ देणारी घटना होती. संमीलनातून ऊर्जा मिळविण्याची रीत दोन दशकांत सापडेल, हे भाभांनी तेथे वर्तविलेले भाकीत मात्र खरे ठरले नाही.

त्याच सुमारास किरणोत्साराच्या धोक्याविषयी जग जागे होत होते. मार्च १९५४ मधील बिकिनी येथील अमेरिकी चाचणीची राख जपानी मच्छीमारांवर पडली होती. नेहरूंनी एप्रिल १९५४ मध्येच चाचण्या थांबविण्याची मागणी केली. दौलतसिंह कोठारी यांनी नेहरूंच्या सूचनेवरून अणुस्फोटांच्या परिणामांवर पुस्तक सिद्ध केले. त्या कामात भाभांचे आणि मुंबईचे ख्यातनाम विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे साहाय्य होते. डिसेंबर १९५५ मध्ये किरणोत्साराच्या परिणामांचा अभ्यास करणारी संयुक्त राष्ट्रांची वैज्ञानिक समिती स्थापन झाली, तेव्हा तिच्या पंधरा सदस्य देशांत भारत होता आणि खानोलकर तेथे भारताची बाजू सांभाळीत होते. माणसाच्या शरीराने किती किरणोत्सार सोसावा, याचे आज जगभर मानले जाणारे दंडक ज्या अभ्यासावर उभे आहेत, त्याची ही सुरुवात होती.

पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची सनद ठरविण्यासाठी परिषद भरली. भाभांच्या राजनैतिक जीवनातील ही सर्वांत मोठी झुंज होती. येथे दोन शब्दांतील अंतर ध्यानात घेतले पाहिजे. अणुभट्टीत अपघात होऊ नये, कामगाराला वा शेजारच्या वस्तीला किरणोत्साराची बाधा होऊ नये, ही झाली सुरक्षितता. देशाला शांततेसाठी दिलेले इंधन बाँबकडे वळू नये म्हणून परकीय निरीक्षकांनी येऊन त्याचा हिशेब तपासावा, हे झाले ‘सेफगार्ड्स’, म्हणजे निगराणी. सनदेच्या मसुद्यात दोन्ही होते. भाभांचा विरोध होता तो निगराणीला.

त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. मदत घेणाऱ्या देशावर निरीक्षक येणार, पण ज्यांच्याकडे बाँब आहेत वा ज्यांना मदतीची गरजच नाही त्यांच्याकडे कोणीही जाणार नाही. अशाने जगात दोन वर्ग पडतील, एक तपासणारा आणि दुसरा तपासला जाणारा. भट्टीत तयार होणारे प्लुटोनियम संस्थेकडे जमा करण्याचा अधिकार संस्थेला मिळाला, तर त्या देशाच्या भावी वीजधोरणाची दोरीच परक्याच्या हाती जाईल. थोरियमवर आधारलेल्या त्रिस्तरीय कार्यक्रमाचे स्वप्न पाहणाऱ्या भाभांना प्लुटोनियमचा अधिकार सोडणे शक्य नव्हते. अखेर फ्रान्स व स्वित्झर्लंड यांच्या मध्यस्थीने तोडगा निघाला. संशोधनासाठी आणि भट्ट्यांसाठी लागणारे प्लुटोनियम निगराणीखाली देशाकडेच राहावे आणि केवळ शिल्लक जमा करावी, असे ठरले. २३ ऑक्टोबर १९५६ रोजी सनद स्वीकारली गेली. संस्थेच्या संचालक मंडळात भारताला प्रारंभापासून स्थान मिळाले.

या झुंजीच्या गदारोळात सनदेतील सुरक्षिततेच्या कलमाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. आरोग्यरक्षणाचे दंडक ठरविण्याचा अधिकार संस्थेला मिळाला. पण ते बंधनकारक होणार होते संस्थेच्या स्वतःच्या कामांना आणि तिची मदत घेणाऱ्या प्रकल्पांना. इतरत्र ते लागू व्हायचे तर संबंधित देशानेच तशी विनंती करायला हवी. निगराणीच्या बाबतीत देशादेशांत झगडा झाला. सुरक्षितता मात्र ज्याची त्याने पाहावी, यावर बड्या सत्ता आणि नवस्वतंत्र देश न बोलता एकमत झाले. वर्षभरात, ऑक्टोबर १९५७ मध्ये, ब्रिटनच्या विंडस्केल येथील भट्टीला आग लागली आणि किरणोत्सारी ढग युरोपवरून गेला. तरीही ही व्यवस्था तशीच राहिली.

तारापूरचा करार

सार्वभौमत्वाविषयी इतका दक्ष असलेला हा माणूस व्यवहारात हट्टी नव्हता. कॅनडाच्या साहाय्याने उभी राहिलेली आणि १९६० मध्ये कार्यान्वित झालेली ‘सायरस’ ही भट्टी केवळ शांततामय वापराच्या हमीवर मिळाली. तेथे निरीक्षक नव्हते. तारापूरची गोष्ट वेगळी होती. ठाणे जिल्ह्याच्या (आता पालघर) किनाऱ्यावरील या केंद्रासाठी अमेरिकी भट्ट्या आणि अमेरिकी समृद्ध युरेनियम लागणार होते. ८ ऑगस्ट १९६३ रोजी झालेल्या करारात भारताने निगराणी मान्य केली. केंद्रात केवळ अमेरिकेचेच इंधन वापरले जाणार आहे, या विशिष्ट कारणास्तव ती मान्य केल्याचे करारातच नमूद झाले. एका प्रकल्पापुरती दिलेली सवलत साऱ्या धोरणाला बाधू नये, याची काळजी त्या शब्दरचनेत घेतलेली दिसते.

१९६४ च्या ऑक्टोबरात चीनने अणुस्फोट केला. भाभांनी आकाशवाणीवरून अण्वस्त्रांच्या खर्चाचा अंदाज मांडला तेव्हा दिल्लीतील वादळाला उधाण आले. अण्वस्त्रनिर्मितीचे हिशेब मांडणारे भाभा त्याच भाषणात नि:शस्त्रीकरणाचीही बाजू घेत होते. पंधरा महिन्यांनी ते गेले. जानेवारी १९६७ मध्ये ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

तारापूरच्या दोन्ही भट्ट्या १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या. मे १९७४ मध्ये पोखरणला स्फोट झाला, त्यातील प्लुटोनियम ‘सायरस’चे होते. कॅनडाने सहकार्य थांबविले. अमेरिकेने १९७८ मध्ये कायदा बदलला आणि तारापूरच्या इंधनासाठी भारताला वर्षानुवर्षे तिष्ठत राहावे लागले. १९८२ मध्ये फ्रान्सने ते पुरविण्याचे मान्य केले. परक्याच्या हातातील दोरीविषयी भाभांनी दिलेला इशारा असा खरा ठरला. त्याचबरोबर दुसरेही घडले. तंत्रज्ञानाच्या बहिष्कारामुळे भारतीय केंद्रे सुरक्षिततेच्या जागतिक देवाणघेवाणीतूनही बरीचशी बाहेर पडली. निगराणीच्या भांडणाची किंमत सुरक्षिततेला मोजावी लागली.

चेर्नोबिलनंतरचा कायदा

२६ एप्रिल १९८६ रोजी सोव्हिएत युक्रेनमधील चेर्नोबिल येथे स्फोट झाला. जगाला त्याची पहिली खबर मॉस्कोने नव्हे, तर स्वीडनमधील किरणोत्सारमापकांनी दिली. पाच महिन्यांत व्हिएन्नात दोन करार झाले, एक अपघाताची तातडीने सूचना देण्याविषयी आणि दुसरा परस्परसाहाय्याविषयी. भारताने १९८८ मध्ये दोहोंचे अनुसमर्थन केले. १९९४ मध्ये अणुसुरक्षेचा करार आला. भारताने त्यावर त्याच वर्षी सही केली, अनुसमर्थनाला मात्र २००५ उजाडले. या करारानुसार दर तीन वर्षांनी प्रत्येक देश आपला अहवाल मांडतो आणि बाकीचे देश त्यावर प्रश्न विचारतात. त्यात सक्तीची तपासणी नाही आणि शिक्षाही नाही. सुरक्षिततेची जबाबदारी त्या त्या राष्ट्राची, हे तत्त्व करारात स्पष्ट आहे. १९५६ च्या सनदेतील मौन येथे शब्दबद्ध झाले.

मात्र याच करारात एक अट आहे. अणुऊर्जेचा पुरस्कार करणारी यंत्रणा आणि तिच्यावर नियमन करणारी यंत्रणा यांची कामे परिणामकारकरीत्या वेगळी असली पाहिजेत. भाभांच्या रचनेला ही अट थेट भिडते. त्यांच्या काळी भट्टी उभारणारे, चालविणारे आणि ती सुरक्षित आहे असे प्रमाणपत्र देणारे एकाच छताखाली होते, आणि त्या छताची किल्ली एकाच व्यक्तीकडे होती. भाभांना सुरक्षिततेची फिकीर नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. ट्रॉम्बेत कामगारांच्या किरणोत्सारमापनाची आणि आरोग्य भौतिकीची घडी त्यांच्याच कारकिर्दीत बसली. पण ती दक्षता व्यक्तींच्या सचोटीवर उभी होती. बाहेरून विचारणा करणारी जागा त्या रचनेत ठेवलेलीच नव्हती.

अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले ते नोव्हेंबर १९८३ मध्ये, तेही स्वतंत्र कायद्याने नव्हे, तर १९६२ च्या कायद्याखालील आदेशाने. मंडळ आयोगाला उत्तरदायी आणि आयोगाचा अध्यक्ष खात्याचा सचिव, अशी ही साखळी होती. १९९० च्या दशकात मंडळाचा सुरक्षाविषयक अहवाल उघड व्हावा म्हणून नागरी संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने गुप्ततेची तरतूद ग्राह्य धरली आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच कौल दिला.

कावेरीच्या मुखाशी

या साऱ्याचा अर्थ सामान्य माणसाला काय, हे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर उभे राहिले की कळते. उत्तरेला कल्पाक्कम, दक्षिणेच्या टोकाला कुडनकुलम, आणि मध्ये कावेरीचा सुपीक त्रिभुज प्रदेश. व्यंकोजीराजांच्या वंशजांनी जेथे राज्य केले ते तंजावर, मंदिरांचे कुंभकोणम आणि कुंभकोणमला लागून असलेले साक्कोट्टै हे गाव याच भातशेतीच्या पट्ट्यात येते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने याच प्रदेशाच्या किनाऱ्यावरील नागपट्टणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक बळी घेतले. त्या दिवशी कल्पाक्कमच्या पंपघरात समुद्राचे पाणी शिरले. चालू असलेली भट्टी सुरक्षितपणे बंद करण्यात आली आणि किरणोत्सार बाहेर पडला नाही. पुढच्याच वर्षी पुराच्या धोक्याविषयी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची कार्यशाळा कल्पाक्कमलाच भरली. २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमाला लाटेने जो घाला घातला, त्याचा धडा येथे सहा वर्षे आधीच मांडला गेला होता. देशोदेशींच्या सहकार्याचा उपयोग होतो तो असा.

पण कायद्याची एक गंमत पाहण्यासारखी आहे. कुडनकुलमला उद्या अपघात होऊन किरणोत्सार सीमेपलीकडे जाण्याचा संभव निर्माण झाला, तर १९८६ च्या करारान्वये श्रीलंकेला खबर देणे भारतावर बंधनकारक आहे. कोलंबोने याबाबत चिंता व्यक्त केल्यानंतर फेब्रुवारी २०१५ मध्ये उभय देशांत झालेल्या अणुसहकार्य करारात किरणोत्सारी आपत्तीचे निवारण आणि अणुसुरक्षा यांचा समावेश झाला. साक्कोट्टैच्या शेतकऱ्याला असा कोणताही आंतरराष्ट्रीय हक्क नाही. त्याला जे काही कळायचे ते आपल्याच देशाच्या कायद्याने, आणि तो कायदा १९४८ पासून गुप्ततेच्या बाजूला झुकलेला. माडबनच्या आंबाबागायतदाराला आणि तारापूरच्या मच्छीमारालाही हेच लागू पडते. जैतापूर प्रकल्पाविरुद्ध २०११ मध्ये उसळलेल्या असंतोषात जमिनीच्या मोबदल्याइतकाच हा अविश्वासही होता.

उशिराचे उत्तर

२००८ च्या भारत-अमेरिका करारानंतर भारताने नागरी आणि लष्करी भट्ट्या वेगळ्या केल्या आणि नागरी भट्ट्या टप्प्याटप्प्याने आंतरराष्ट्रीय निगराणीखाली आणल्या. भाभांनी ज्याला विरोध केला ते निरीक्षक आले. पण बाँबचा प्रश्न बाजूला ठेवून, भारताने स्वतः आखलेल्या रेषेपर्यंतच आले. ही भाभांच्या भूमिकेची उशिरा झालेली अर्धी जीतच म्हणावी लागेल. सुरक्षिततेच्या बाबतीतही दारे उघडली. २०१२ मध्ये रावतभाटा येथे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचे पहिले पथक आले. २०१५ मध्ये नियामक यंत्रणेची पाहणी करणाऱ्या पथकाने मंडळाचे स्वातंत्र्य कायद्यात नोंदवावे, अशी शिफारस केली. त्यापूर्वी २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांनीही याच उणिवेवर बोट ठेवले होते. स्वतंत्र प्राधिकरणाचे २०११ चे विधेयक मात्र लोकसभेच्या विसर्जनाबरोबर २०१४ मध्ये लयाला गेले.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा नवा अणुऊर्जा कायदा संमत केला. १९६२ चा कायदा आणि २०१० चा दायित्व कायदा यांची जागा घेणाऱ्या या कायद्याने नियामक मंडळाला वैधानिक दर्जा दिला आणि खासगी कंपन्यांनाही या क्षेत्राचे दार उघडले. आजवर पहारेकरी आणि ज्याच्यावर पहारा ठेवायचा तो, दोघेही सरकारच होते. आता नफ्यावर डोळा असलेला तिसरा घटक त्यात आला आहे. त्यामुळे मंडळाचा अध्यक्ष कोण नेमतो, त्याचा अहवाल कोणापुढे जातो आणि तो अहवाल प्रकल्पाशेजारच्या ग्रामसभेला वाचायला मिळतो की नाही, या वरवर रूक्ष वाटणाऱ्या कारकुनी बाबींनाच खरे मोल येणार आहे.

परकीय निरीक्षक भेदभाव करतो म्हणून त्याला दारात रोखण्याचा भाभांचा अधिकार रास्त होता. इतिहासाने तो बऱ्याच अंशी मान्यही केला. पण परक्याला रोखणाऱ्या देशाने स्वकीय निरीक्षक तितकाच निर्भय आणि स्वतंत्र नेमायला हवा, हे त्या अधिकाराचे दुसरे अंग होते. ते पुरे करायला भाभांना आयुष्य अपुरे पडले, आणि त्यांच्या पश्चात सहा दशके ते कोणी निकडीचे मानले नाही. भाभांच्या नावाने संस्था, रस्ते आणि पुरस्कार पुष्कळ झाले आहेत. ज्या दिवशी नियामक मंडळ एखादी चालू भट्टी स्वतःच्या अधिकारात बंद करील आणि त्याचे कारण परिसरातील गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत सांगील, त्या दिवशी भाभांचे राहिलेले काम पुढे सरकले असे मानता येईल.